बेलवेदर म्हणजे घंटावाला मेंढा!

इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि आठवड्यात विसरायचे, हा माझा जुना खाक्या. मग सकाळच्या चहाबरोबर इंग्रजी पेपरचं बिझनेसचं पान वाचायला लागलो. तिथे तेच शब्द रोज भेटतात, म्हणून डोक्यात बसतात.

नुसत्या चढउतारालाच किती क्रियापदं! भाव जरासा सरकला तर 'इंच्ड अप', झेपावला तर 'सोअर्ड', कोसळला तर 'प्लंज्ड'. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा 'बेसिस पॉइंट' कळला : टक्क्याचा शंभरावा भाग. म्हणजे कपात २५ पॉइंट्सची.

'हेअरकट' तर भन्नाट. बुडीत कर्जातल्या काही रकमेवर आपल्याकडे बँक पाणी सोडते, इंग्रजीत तिचे केस कापले जातात!

माझा लाडका शब्द 'बेलवेदर'. कित्येक दिवस मी त्याचा संबंध हवामानाशी लावत होतो. स्पेलिंगमध्ये 'ए' नाही, हे बघतो कोण? हा 'वेदर' म्हणजे खच्ची केलेला मेंढा. त्याच्या गळ्यात घंटा बांधायची, कळप मागोमाग येतो. ज्या शेअरवरून बाजाराचा रोख कळतो, तो बेलवेदर.

नवा शब्द सापडला की अख्खं वाक्य वहीत उतरवा. नुसता अर्थ लिहिलेली माझी पहिली वही रद्दीत गेली.