अहिल्यानगरचा इतिहास जपणारे दप्तर

अहमद निजामशहाने 1490 मध्ये वसवलेल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा इतिहास जसा भुईकोट किल्ल्यात दिसतो, तसाच तो जुन्या कागदांतही दडलेला आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाने असे कागद, हस्तलिखिते, नकाशे, नाणी आणि शस्त्रे एकत्र आणून अभ्यासकांबरोबरच सामान्य नागरिकांनाही खुली केली, हे त्याचे मोठे कार्य होय.

यांतील मोडी कागद विशेष मोलाचे ठरतात. मोडी ही हात न उचलता भराभर लिहिण्याची लिपी असून, विसाव्या शतकापर्यंत महसूल, वतन, म्हणजे वंशपरंपरागत हक्क, आणि निवाडे यांची नोंद प्रामुख्याने तिच्यात होत असे. परंतु छपाईत देवनागरी रूढ झाल्यावर मोडी वाचणारे घटत गेले, आणि त्यामुळे कागद टिकूनही त्यांतील मजकूर मुका होण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून जतन म्हणजे ओल, वाळवी आणि कसर यांपासून केवळ रक्षण नव्हे, तर सूची करणे, लिप्यंतर करणे आणि छायाप्रती काढणे हेही होय.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरे असतील, त्यांनी ती रद्दीत न देता किंवा प्लास्टिकमध्ये लॅमिनेट न करता जाणकारांना दाखवावीत. जिल्ह्याचा इतिहास त्यांतूनच पूर्ण होईल.