नव्या ग्रीनवर खेळायची घाई नको!

आपल्या बेसा परिसरातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गोल्फच्या ग्रीनला ती चालत नाही. तिथे तळाला साधारण 10 सेंमी खडी आणि वर 30 सेंमी वाळूमिश्रित थर लागतो.

खरी मेख पुढे आहे. लॉनचे तुकडे चिकणमातीसकट वाळूवर अंथरले, की पाणी त्या मातीतच अडतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. म्हणून माती धुऊनच तुकडे लावावेत. दोन-तीन आठवड्यांनी कोपरा हलकेच ओढून बघा. सुटला नाही, तर मुळं धरली. मग सांध्यांत बारीक वाळू भरत राहायची, कापणी उंचावरून सुरू करायची आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांश भागच कापत हळूहळू 3-4 मिमीवर यायचं. ग्रीनवरची संकरित बर्म्युडा आपल्या हरळीच्याच कुळातली, चिवट आहे. तरी मे महिन्यात लावू नका, पावसाळ्याची सुरुवात साधा.