कर्करोग नेहमी कोंबासारखाच वाढतो का?

मोठ्या आतड्याचा कर्करोग म्हटला की आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब, म्हणजे पॉलिप, डोळ्यांसमोर येतो. कोंब मोठा तर धोका मोठा, हा त्यामागचा हिशेब. बहुतेकदा तो बरोबर येतो. फसतो तो चपट्या आणि विशेषतः खोलगट गाठींपाशी. १९८०च्या दशकात शिनेई कुडो यांच्यासारखे जपानी डॉक्टर अशा गाठी दाखवू लागले, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांना हा जपानपुरताच प्रकार वाटला. मात्र २००० साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये १,००० कोलोनोस्कोपींत, म्हणजे दुर्बिणीतून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासण्यांत, सापडलेल्या अडिनोमांपैकी, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठींपैकी, ३६ टक्के चपट्या निघाल्या. गाठी तिथेही होत्याच. त्या ओळखणारी नजर जपानमध्ये आधी तयार झाली, एवढंच. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या १,८१९ रुग्णांच्या अभ्यासात १७० जणांत कोंबासारख्या न वाढलेल्या गाठी आढळल्या. त्यांतल्या कर्करोग असलेल्या गाठींचा सरासरी व्यास १५.९ मिलिमीटर होता, तर कर्करोग असलेल्या कोंबांचा १९.२. म्हणजे नुसत्या आकारावर विसंबता येत नाही.

चपट्या गाठींच्या मानाने खोलगट गाठी विरळ असताना एवढा गाजावाजा कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण कॅलिफोर्नियातल्या त्याच अभ्यासात खोलगट गाठींपैकी ३३ टक्क्यांमध्ये कर्करोग सापडला. हे रुग्ण बहुतांशी माजी सैनिक, म्हणून पुरुष. तेव्हा तो आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये. शिवाय चपटी दिसली म्हणजे घातकच, हाही गैरसमज. किंचित उंचावलेल्या लहान चपट्या गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. म्हणून सापडलेली गाठ नीट पारखावी लागते. इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारला की तो खळग्यात साचतो आणि कडा उठून दिसतात. मग भिंगाखाली अस्तरावरच्या सूक्ष्म छिद्रांची ठेवण पाहतात. ती पार विस्कटली असेल, तर रोग खोल गेल्याची शंका येते आणि दुर्बिणीऐवजी शस्त्रक्रियेचा विचार होतो. ‘आधी तुकडा काढून तपासू’ हे सावधपणाचं वाटतं, पण दुर्बिणीतून पूर्ण काढता येण्याजोग्या चपट्या गाठीचा तुकडा घेतला, तर खाली व्रण धरतो, पुढे ती सलग उचलून काढणं अवघड होतं आणि छोट्या तुकड्यात नेमका रोगाचा भाग येईलच असंही नाही.

उत्तम यंत्र असलं की काम भागतं, हा समजही सोडावा. अस्तरावर मळाचा पातळ थर राहिला, तर चपटी गाठ महागड्या दुर्बिणीलाही दिसत नाही. पोट साफ करण्याच्या औषधाचा अर्धा भाग तपासणीच्या दिवशी सकाळी घ्यायला सांगितला असेल, तर तो टाळू नका.