एक सांधा पुरे!

'जरी पाऊस होता, तरी मी आलो' हे मराठी वाक्य अगदी निर्दोष आहे. त्याचे इंग्रजी करताना मात्र आपण सहज म्हणून जातो, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय केम.' शब्द सगळे बरोबर, चुकला तो सांधा.

वाक्ये जोडणाऱ्या शब्दांना आपण उभयान्वयी अव्यये म्हणतो. मराठीत ती पुष्कळदा जोडीने येतात. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीत दोन वाक्यांना सहसा एकच जोड पुरतो. 'ऑल्दो' घेतले की 'बट' नको आणि 'बट' ठेवायचे तर 'ऑल्दो' काढा. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच. चिनी भाषेतही 'जरी'च्या पाठोपाठ 'पण' येते, म्हणून तिथले विद्यार्थीही हीच चूक करतात. इंग्रजीतही 'आयदर-ऑर', 'नो सूनर-दॅन' अशा जोड्या आहेत, पण त्या मोजक्याच. त्या पाठच करून टाकाव्यात.

खरी फसगत होते ती 'अनलेस'पाशी. समजा, वाळूजच्या एखाद्या लघुउद्योजकाला ग्राहकाला कळवायचे आहे, 'पैसे भरले नाहीत, तर माल पाठवणार नाही.' तो लिहितो, 'अनलेस यू डू नॉट पे, वुई विल नॉट सेंड द गुड्स.' 'अनलेस'च्या पोटात 'जर नाही' आधीच दडलेले आहे. त्यात आणखी एक 'नॉट' घातला, की अर्थ होतो, 'पैसे भरलेत, तर माल पाठवणार नाही!' 'अनलेस यू पे' एवढेच पुरे होते.

'अनटिल'चेही तेच. 'जोपर्यंत डॉक्टर सांगत नाहीत, तोपर्यंत गोळ्या बंद करू नका' यात मराठीला दोन नकार लागतात. इंग्रजीत 'डू नॉट स्टॉप द टॅब्लेट्स अनटिल द डॉक्टर टेल्स यू'; नकार एकच.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. मुलांना शब्द लवकर येतात, सांधे मात्र मायबोलीचेच राहतात. यात कमीपणा नाही; ती मराठीची पक्की सवय आहे. म्हणून अर्ज किंवा पत्र लिहून झाले, की दोनच गोष्टी तपासा. दोन वाक्यांत जोड किती आहेत? आणि 'अनलेस', 'अनटिल'नंतर 'नॉट' तर आलेला नाही ना?