उसाचा पैसा कुठे फिरतो?

भीमेच्या काठावरचे मांडवगण फराटा शिरूर तालुक्यात येते. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. या पट्ट्याचे नगदी पीक ऊस. शेतातून निघालेल्या उसाला इथे दोन वाटा असतात, कारखाना किंवा गुऱ्हाळ. जागतिक बाजाराला स्थानिक अर्थव्यवस्था कितपत पर्याय ठरते, हे या दोन वाटांच्या हिशेबातून कळते.

कारखानाही मुळात स्थानिकच. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस पिकवणारा तोच सभासद, तोच मालक. त्याच धर्तीवर पुढे न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा कारखाना निघाला. पण साखर हा जागतिक माल. तिचा भाव ब्राझीलच्या पिकावर आणि जून 2022 पासून भारताने निर्यातीवर घातलेल्या बंधनांवर हलतो. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, मात्र केंद्र सरकार ठरवते आणि ती 14 दिवसांत द्यावीच लागते. दोन्ही दर सभासदाच्या हाताबाहेरचे, आणि कारखानाही. भीमा कारखाना 2022 मध्ये कर्नाटकातील निराणी समूहाकडे भाड्याने गेला. घोडगंगाचे गाळप 2023-24 च्या हंगामात झाले नाही. सभासदत्व कागदावर उरले, निर्णय हातचा गेला.

गुऱ्हाळाचा पसारा लहान. टनभर उसातून साधारण 100 ते 110 किलो गूळ पडतो. चरकातला रस काहिलीत आटतो, भेंडीच्या झाडाच्या चिकाने मळी वर काढतात आणि चुलवणात त्याच उसाचे वाळलेले चिपाड जळते. पाक कधी उतरवायचा, हे गुळव्याची नजर ठरवते. इंधन, मजुरी, कसब, सारे जवळचे. वर्ध्याच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघातून (1934) गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा अशाच उद्योगांची बाजू मांडत राहिले. ती आजही पटण्याजोगी आहे.

तरी गुऱ्हाळ गावात आहे एवढ्याने पैसा गावात राहतो असे नाही. दौंड पट्ट्यातली अनेक गुऱ्हाळे परप्रांतीय कारागीर भाड्याने चालवतात. काही ठिकाणी चिपाडाऐवजी प्लास्टिक-रबराचा कचरा जाळल्याच्या तक्रारी होतात. तो धूर गावाच्याच वाट्याला येतो. गुऱ्हाळात जाणाऱ्या उसाला एफआरपीचे संरक्षणही नाही. शिवाय पैसा गावात फिरला तरी तो कुणाच्या हाती पडतो, हा जुना प्रश्न आहेच. बलुतेदारीत हे जातीने ठरे. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत गावाला राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला, तो याच अनुभवातून.

गुळाचा भावही गाव ठरवत नाही. व्यापाऱ्याला पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून काहिलीत रंग उजळवणारे हायड्रॉस हे रसायन पडते. बिनरसायनी गूळ गडद निघतो आणि रंगावर भाव करणाऱ्या पेठेत मागे पडतो. तो खपवायला खाणाऱ्याशी थेट व्यवहार लागतो. पुण्याचे गिऱ्हाईक मांडवगणपासून एका दिवसात जाऊन येण्याइतके जवळ आहे.