मोड आणलेली ज्वारी पावसाळ्यात कशी टिकवावी?

बियाणे कसे साठवावे हे जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. ज्या घरात बीजोत्पादनाचा प्लॉट असतो तिथे ओलाव्याची टक्केवारी शाळकरी पोरांनाही माहीत असते. तरीही मार्चमध्ये रब्बी ज्वारीला मोड आणून केलेले माल्ट आषाढात बाहेर काढावे, तर कुबट वास, जाळ्या आणि पिठाचे तांबडे भुंगे हाती येतात. चूक अशी होते की माल्टही ज्वारीसारखेच साठवले जाते.

बियाणे साठवताना दाणा जिवंत ठेवायचा असतो. माल्टमध्ये अंकुर मारायचा असतो, पण त्याने तयार केलेली विकरे (एन्झाइम) शाबूत ठेवायची असतात. मोड येताना ही विकरे दाण्यातले पिष्ट फोडू लागतात, त्यामुळे टणक दाणा आतून भुसभुशीत होतो. असा दाणा हवेतला ओलावा पटकन ओढतो आणि ज्या किडीला अख्खी ज्वारी फोडता येत नाही तिलाही तो सहज खाता येतो.

पिष्टाची साखर करणे हे या विकरांचे काम. बिअर बनते ती याच साखरेपासून, आणि सत्त्वाची पेज पातळ व गोडसर होते तीही यामुळेच. बिअरसाठी बहुतेक ठिकाणी जवाचे माल्ट वापरतात. ज्वारीचेही चालते: नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथले बिअरचे कारखाने ज्वारीकडे वळले. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. म्हणून इथे फक्त माल्ट टिकवण्याचा विचार केला आहे. सत्त्व करणाऱ्या घराला आणि बचत गटाला तो तितकाच उपयोगी आहे.

दाणा कोणता घ्यावा

खरिपाची पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी घेऊ नये. मोड आणताना उबेत आणि ओलीत तीन-चार दिवस जातात, त्यात दाण्यावरची बुरशी वाढते आणि पुढे वाळवले तरी तिचे विष जात नाही. रब्बीची स्वच्छ ज्वारी उत्तम. दुसरी गोष्ट जालन्यात ठासून सांगायला हवी: पेरून उरलेले, औषध लावलेले रंगीत बियाणे मोडासाठी कधीही वापरू नये. कितीही धुतले तरी ते खाण्याजोगे होत नाही.

वजनाने ओलावा ओळखा

साठवणुकीचे ज्वारीला १० ते १२ टक्के ओलावा चालतो. माल्ट ५ ते ६ टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागते. ओलावामापक नसला तरी वजनकाटा पुरतो. १२ टक्के ओलाव्याच्या १० किलो ज्वारीत ८.८ किलो कोरडा भाग असतो. मोड येताना दाणा श्वासावाटे यातला काही भाग जाळतो, काही मोड-मुळ्यांसोबत जातो. अशी घट साधारण १० ते २० टक्के होते. म्हणजे मोड चोळून काढलेले, नीट वाळलेले माल्ट साधारण साडेसात ते सव्वाआठ किलो भरले पाहिजे. ९ किलो भरले, तर घट कमीत कमी धरली तरी त्यात १२ टक्के ओलावा उरलेला आहे. ते पुन्हा उन्हात घालावे.

वाळवण्यात घाई नको. ओल्या दाण्याला जास्त उष्णता लागली की विकरे मरतात. कोरडा झाल्यावर तोच दाणा अधिक उष्णता सोसतो. म्हणून आधी दोन बोटांपेक्षा पातळ थर पसरून वाळवावे, रात्री गोळा करून झाकावे आणि शेवटचा ओलावा कडक उन्हात किंवा सोलर ड्रायरमध्ये ६० अंशांच्या आसपास काढावा. तव्यावर भाजले की वास छान येतो, पण विकरे जातात.

वाळल्यावर मोड आणि मुळ्या हातावर चोळून पाखडाव्यात. त्या तटकन तुटल्या नाहीत, वाकल्या, तर दाणा अजून ओला आहे. मुळ्या हवेतला ओलावा ओढतात, हे त्या काढण्याचे एक कारण. दुसरे कारण जास्त गंभीर आहे: कोवळी ज्वारी खाल्ल्याने जनावराला किराळ लागते, तेच सायनाइडचे विष ज्वारीच्या मोडात तयार होते. पाखडलेले मोड गोठ्यात टाकू नयेत. माल्टचे पीठही कच्चे न खाता नीट उकळूनच खावे. तान्ह्या बाळासाठी नाचणीचे सत्त्व बरे.

भरताना

माल्ट पूर्ण गार होऊ द्यावे. गरम भरले की झाकणाच्या आत पाणी सुटते आणि सगळी मेहनत वाया जाते. पोते किंवा कणगी इथे उपयोगाची नाही. हवाबंद झाकणाचा डबा किंवा जाड पिशवी हवी. एका मोठ्या कोठीपेक्षा दोन-दोन किलोचे डबे बरे, कारण श्रावणात झाकण उघडले की प्रत्येक वेळी दमट हवा आत शिरते. अख्खेच साठवावे, लागेल तसे महिन्यापुरते दळावे.

गव्हाला लावतात ती बोरिक पावडर माल्टला लावू नये. गहू धुऊन घेता येतो, माल्ट धुता येत नाही, ते थेट गिरणीत जाते. कडुनिंबाचा पाला पुरता वाळलेला नसेल तर ओलावाच वाढवतो, शिवाय चव कडवट होते. आणि सेल्फॉसच्या गोळ्या घरात आणूच नयेत. त्यांच्या वायूने झोपेतली माणसे दगावू शकतात.

माल्टमध्ये जोर आहे का?

ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवावी. बोट क्षणभरच बुडवता येईल इतकी ती निवली की त्यात चमचाभर माल्टचे पीठ ढवळून झाकून ठेवावे. दहा-पंधरा मिनिटांत पेज सैल झाली तर विकरे शाबूत आहेत. ती तशीच घट्ट राहिली तर माल्ट जुने झाले किंवा वाळवताना जास्त तापले. वास चांगला असेल तर ते भाकरीच्या पिठात मिसळून संपवावे. कुबट वास किंवा बुरशी असेल तर जनावरांनाही न घालता खड्ड्यात पुरावे.