तोंड येतं ते नुसत्या उष्णतेनं?

शहापूर-मुरबाडकडे तोंड आलं की 'उष्णता झाली' म्हणून जाईचा पाला चघळतात. चघळा, हरकत नाही. पण वालाच्या बियाण्याला आपण जिवाणूखत चोळतो ना? तसे उपयोगी जिवाणू तोंडात, आतड्यातही असतात. ज्यांना वारंवार तोंड येतं, त्यांच्यात हा मेळ बिघडलेला आढळतो. लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ कमी पडलं तरी तोंड येतं. तेव्हा नुसत्या भातावर भागवू नका. पालेभाजी, वाल, अंडं, ताक हवंच. मनानं अँटिबायोटिक घेऊ नका, त्यानं चांगले जिवाणूही मरतात. साधे फोड १०-१४ दिवसांत भरतात. ३ आठवडे न भरलेली जखम, त्यातून मशेरीची सवय, तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा कल्याणचं रुक्मिणीबाई गाठा. लावणी आहे म्हणून थांबू नका.